कुत्रा रात्री कुठे झोपणार?

आमच्या घरी कुत्रा येणार ही बातमी, प्रत्यक्ष कुत्रा येण्यापूर्वी दहा महिने आमच्या सबंध गल्लीत पसरली होती. पसरवणारी अर्थातच आमची धाकटी कन्या. वय वर्षे अकरा. गेल्या दिवाळीत फराळाची ताटे घेऊन ती ज्या ज्या घरी गेली, त्या त्या घरी चकल्यांबरोबर ही वार्ताही पोचती झाली. भाऊबीज उलटली आणि लोक मला रस्त्यात अडवून विचारू लागले, "काय प्राध्यापक, कोणत्या जातीचा घेताय?"

मी मराठीचा अध्यापक. चंद्रपूरच्या एका महाविद्यालयात गेली वीस वर्षे शिकवतो आहे. कुत्र्याशी माझा परिचय तोवर केवळ वाङ्मयीन होता. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव मी दरसाल वर्गात रंगवून सांगतो. धर्मराजाची स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत करणारा कुत्रा मला ठाऊक होता. 'आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं' या म्हणीवर मी एक तास सहज बोलू शकतो. पण भाकरी नेणाऱ्या कुत्र्याला दुसऱ्या दिवशी काय घालायचे, त्याला गोचीड झाले तर काय करायचे, हे कुठल्याच पोथीत लिहिलेले नाही.

तेव्हा मी अध्यापकाला शोभेल तेच केले. एक कोरी वही घेतली आणि अभ्यासाला लागलो.

मुलीसाठी स्थळे पाहताना बापाची जी अवस्था होते, तीच थोड्याफार फरकाने माझी झाली. इथेही फोटो होते, कुळ होते, वंशावळीचे कागद होते आणि मध्यस्थही होते. थोरल्या चिरंजिवांनी पहिले स्थळ सुचवले, सैबेरियन हस्की. निळे डोळे, लांडग्याचा थाट. मी त्याला विचारले, "बाळ, सैबेरिया कुठे आणि चंद्रपूर कुठे?" मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंगातली उष्णता घालवतो. बर्फासाठी घडलेल्या त्या दुहेरी केसांच्या प्राण्याला कोळशाच्या खाणींच्या गावी आणायचे, म्हणजे त्याच्यासाठी अष्टौप्रहर थंड हवेचे यंत्र चालवायचे. स्थळ नाकारले.

सौ.ला पग आवडला होता. लहानखुरा, सुरकुतलेल्या तोंडाचा, मांडीवर बसणारा. पण नाकच इतके चपटे की साधा श्वास घेतानाही घरघर. ज्याला धापेवरच थंड व्हायचे, त्याचे नाकच दाबलेले! हेही स्थळ उन्हाळ्यापुढे टिकले नाही.

मग लॅब्राडोर. स्वभावाने गोड, मुलांत रमणारा. मात्र खाण्यावर विलक्षण प्रेम. लठ्ठपणा आणि कमरेच्या सांध्याचे दुखणे या जातीत बरेच आढळते. ज्याला आमचे वडील अल्सेशियन म्हणत, तो जर्मन शेफर्ड हुशार खरा, पण त्याला रोजचे काम आणि व्यायाम हवा. उत्तरपत्रिका तपासण्याच्या दिवसांत मला स्वतःला व्यायाम मिळत नाही, तिथे त्याला कोठून देणार?

एक स्थळ मात्र मनात भरले होते. मुधोळ. आताच्या कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात, घोरपड्यांच्या जुन्या संस्थानात, मालोजीराव घोरपड्यांनी या शिकारी कुत्र्यांची जोपासना केली. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटे काढली, त्यांत हा होता. २०१६ साली त्याची पिल्ले मेरठला लष्कराच्या केंद्रात शिक्षणासाठी गेली. मराठी राजाने वाढवलेला कुत्रा म्हणून माझा अभिमान जागा झाला. पण हा धावणारा प्राणी, नजरेने सावज टिपणारा. मोकळे माळरान हे त्याचे घर. आमचे घर तुकूम भागात, ताडोबा रस्त्याच्या अंगाला. अंगण जेमतेम चार दुचाक्या मावतील एवढे. राजाचा कुत्रा आणि अध्यापकाचे अंगण यांचा मेळ बसेना.

या शोधात दोन गोष्टी मात्र शिकलो, त्या वाचकांच्या उपयोगाच्या आहेत. पहिली ही की आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकणे २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार वर्ज्य आहे आणि पैदास करणाऱ्याने नोंदणी केलेली असली पाहिजे. "पाच आठवड्यांचे आहे, लवकर न्या, लळा लागेल," असे कोणी म्हणू लागला तर तिथून उठावे. आईजवळ आणि भावंडांत राहूनच पिल्लू चावा किती जोराने घ्यायचा हे शिकते. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी तेरा वर्षे कुत्र्यांचा अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. पिल्लाच्या आयुष्यातले तिसऱ्या आठवड्यापासूनचे दोन-तीन महिने फार मोलाचे, असा त्यांचा निष्कर्ष. त्या काळात त्याने जी माणसे, जे आवाज पाहिले-ऐकले, त्यांना ते पुढे सहसा भीत नाही.

दुसरी गोष्ट जातीची. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्न विचारले होते, सुमारे दोन हजार कुत्र्यांची जनुके तपासली होती. निष्कर्ष असा की एकेका कुत्र्याच्या स्वभावातल्या फरकापैकी सरासरी अवघा नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो. कुळ पाहून स्थळ ठरवणाऱ्यांनी हे वाक्य चौकटीत लावून ठेवावे!

वही अशी भरत चालली होती. जानेवारीत एक दिवस मी स्टाफरूममध्ये ती उघडून बसलो असता आमच्या कॉलेजचे जुने शिपाई चहा घेऊन आले. दुर्गापूरकडे राहणारे, निवृत्तीला आलेले गृहस्थ. वहीतली चित्रे त्यांनी शांतपणे पाहिली आणि म्हणाले, "सर, एक विचारू का जी? राती कुत्रं कुठी झोपन?"

"अंगणात. एक छानसे घर करून देऊ त्याला."

ते काही बोलले नाहीत. कप उचलून नेताना दारात थांबले. "बिबट तुमच्यासाठी नाही येत जी. तो कुत्र्यासाठी येते. पन एकदा दारात आला, मंग समोर कुत्रं हाये का लेकरू हाये, कोन सांगन?"

माझ्या वहीत जात होती, उंची होती, खुराक होता. हा प्रश्न नव्हता.

चंद्रपूरबाहेरच्या वाचकांना हे अतिशयोक्त वाटेल. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान झाले १९५५ साली आणि अंधारीचे अभयारण्य मिळून व्याघ्रप्रकल्प झाला १९९५ मध्ये. पण वाघ-बिबट्यांना या हद्दी कोणी वाचून दाखवलेल्या नाहीत. औष्णिक वीज केंद्राची झुडपे, खाणींच्या मातीचे ढिगारे, तिथून ते वस्तीपर्यंत येतात. २०२२ साली ऊर्जानगर-दुर्गापूर भागात त्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली, तेव्हा सारे शहर सुन्न झाले होते. आणि बिबट्याला वस्तीत येण्याचे कारण काय? बऱ्याचदा कुत्रा. विद्या अथ्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात उसाच्या शेतांत राहणाऱ्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, एकोणचाळीस टक्के. बिबट्याला आपला मोत्या म्हणजे अंगणात मांडून ठेवलेले ताट!

फेब्रुवारीत हे पुस्तकातून गल्लीच्या पलीकडच्या टोकाला आले. एका घरी पोर्चमध्ये साखळीने बांधलेला तांबूस कुत्रा होता. आमची धाकटी शाळेतून येताना रोज त्याला बिस्किट घालायची. एका सकाळी तो नव्हता. साखळी खांबाला तशीच होती आणि तिच्या टोकाला गळपट्टा. फरशी कोणीतरी पाणी ओतून धुतली होती. धाकटीने ते पाहिले. घरी आली, दप्तर ठेवले आणि म्हणाली, "बाबा, आपल्याला कुत्रा नको." दोन दिवस ती त्या विषयावर बोललीच नाही.

तिची इच्छा जाहीर झाली तेव्हा मला तिचा हट्ट वाटला होता. तिने ती इच्छा आवरली तेव्हा मात्र ती खरी होती हे कळले. त्या रात्री मी आणि सौ. बराच वेळ बोलत बसलो. उत्तर तसे सोपे होते. कुत्रा घरात झोपायचा. सूर्य मावळला की दार बंद, पुन्हा उजाडेपर्यंत अंगणातसुद्धा एकटा नाही.

सोपे, पण आमच्या घरापुरते अशक्य. कारण घरात माझी आई आहे.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ती कुत्र्याचा द्वेष करते असे नाही. सकाळी गायीचा घास काढते तसा कुत्र्याचाही काढते आणि फाटकाबाहेर ठेवते. पण उंबऱ्याच्या आत कुत्रा नाही, हा तिचा नियम. मी तो सोवळ्याओवळ्याचा समजत होतो. दुसऱ्या दिवशी विषय काढला तेव्हा ती गव्हातले खडे निवडत होती. हात न थांबवता तिने सांगितले.

ती नऊ वर्षांची असताना तिच्या मोठ्या भावाला गावातल्या कुत्र्याने पोटरीला चावले होते. भाऊ तेरा वर्षांचा. जखम लहान होती. कोणी चुना लावला, कोणी मिरची भरली, शेजारच्या गावच्या वैदूने मंत्र घालून दोरा बांधला. जखम भरली, सगळे विसरले. दीड महिन्याने त्याला ताप आला. आईने त्याला पाण्याचा तांब्या नेऊन दिला आणि तो तांब्या पाहून भाऊ किंचाळला. "मीच दिला होता रे तांब्या," आई म्हणाली. "मला वाटलं, माझ्याकडून काही चुकलं." तिसऱ्या दिवशी तो गेला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आईने हे मला कधी सांगितले नव्हते.

मग तिने विचारले, "अरे, त्या वेळी ती सुई होती का?"

खोटे बोलावेसे वाटले. पण वही वाचून झाली होती. पाश्चरने पॅरिसमध्ये जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला लस टोचली ती १८८५ साली. आपल्याकडे कसौलीची संस्था १९०० मध्ये आणि कुन्नूरची १९०७ मध्ये सुरू झाली. पोटात चौदा सुया घ्याव्या लागत, पण लस होती.

"होती, आई," मी म्हणालो.

तिने सूप खाली ठेवले. बराच वेळ काही बोलली नाही.

वाचकहो, या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर आजही इलाज जवळजवळ नाही. जगात दरवर्षी सुमारे एकोणसाठ हजार माणसे याने मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे आणि त्यांतला मोठा वाटा आपल्या देशाचा. आणि तरीही तो संपूर्ण टाळता येतो, इतका की गोव्याने कुत्र्यांचे घाऊक लसीकरण करून २०२१ साली स्वतःला रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर केले. चावा किंवा ओरखडा लहान असो की मोठा, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावे, मिरची-चुना काही लावू नये आणि लगेच दवाखाना गाठून सगळ्या मात्रा पुऱ्या कराव्या. पोटातल्या चौदा सुया आता इतिहासजमा झाल्या आहेत. लस दंडात घेतात. घरातल्या मुलांना एवढे पाठ असले तरी पुरे.

चार दिवसांनी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आणायचं तर आणा. पण त्याची सुई एक दिवस चुकली, तर त्या दिवशी मी या घरात राहणार नाही." परवानगी मिळाली होती.

आता जात कोणती? तो प्रश्न एव्हाना आपोआप मागे पडला होता. ऊन सोसणारा, बेताच्या आकाराचा, घरात मावणारा, आईबाप डोळ्यांनी पाहता येतील असा. असा कुत्रा या मातीत हजारो वर्षे आहेच. त्याला आपण गावठी म्हणतो, एवढेच. माझा एक विद्यार्थी गडचिरोली जिल्ह्यातला, आरमोरीकडचा. ऑगस्टमध्ये त्याचा निरोप आला, "सर, काकांच्या घरची पिल्ले दोन महिन्यांची झाली."

रविवारी मूल, सावली मागे टाकून आम्ही वैनगंगेच्या पुलावर आलो. नदी दुथडी भरलेली, दोन्ही काठांना रोवणी झालेले धान. गावात पोचलो तेव्हा पिल्लांची आई ओसरीवर होती. आधी भुंकली, मग काकांचा आवाज ऐकून शेपूट हलवत आली. पिल्लाआधी आई पाहावी, असे डॉक्टरांनी सांगितलेच होते. परक्या माणसाला हटकून मग घरच्यांच्या शब्दावर शांत होणारी आई, यापेक्षा चांगली वंशावळ कोणती?

पिल्ले तीन होती. धाकटीने विचारले, "तीनच झाली?"

"पाच झाली होती," काका म्हणाले. पुढचे त्यांनी सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. मागच्या बाजूला वीस पावलांवर जंगल सुरू होत होते.

मोहफुले वेचायला जाताना कुत्रे सोबत नेतात का, असे मी विचारले. काका म्हणाले, "नेतो. पन आता भेव लागते. कुत्रं पुढं पळते, वाघ-अस्वल दिसलं का पलटून मालकाकडंच येते. मांगून तोही येते." तिथल्याच एका वनरक्षकाने आणखी एक गोष्ट सांगितली. धोका दोन्ही बाजूंनी आहे. लस न टोचलेले कुत्रे जंगलाच्या काठाने फिरते तेव्हा त्याचा डिस्टेंपरसारखा रोग वाघापर्यंत, आमच्या कोळसुनांपर्यंत जाऊ शकतो. २०१८ साली गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून अधिक सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. १९९४ मध्ये आफ्रिकेत सेरेंगेटीच्या सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश त्याने गेले. कुत्र्याला टोचलेली सुई एका घराची नसते, शेजाऱ्याचीही असते. मग तो शेजारी पट्टेवाला का असेना.

पिल्लू कसे निवडले ते सांगतो. अंगावर झेप घेणारे एक होते, कोपऱ्यात दडून बसणारे एक होते. तिसरे आले, हुंगले, टाळी वाजवल्यावर दचकले आणि लगेच पुन्हा आले. डोळे स्वच्छ, नाक कोरडे वाहणारे नाही, पोट फुगलेले नाही. ती मादी होती. काका संकोचले, "सर, कुत्री हाये. लोक नाही नेत." लोक नेत नाहीत म्हणूनच रस्त्यावर माद्या आणि त्यांची पिल्ले वाढत जातात. वेळ आली की शस्त्रक्रिया करून घ्यायची, हे आम्ही त्याच ओसरीवर ठरवले आणि तिला घेतले.

डॉक्टरांनी जंतांचे औषध दिले, पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली सुई टोचली, तीन-चार आठवड्यांनी पुढची. कांदा, द्राक्षे, चॉकलेट द्यायचे नाही. रोज अंगावरून हात फिरवून गोचीड पाहायचे. संध्याकाळी फिरणे दिवेलागणीच्या आत आणि तेही साखळीने. तिचे अंथरूण जिन्याखाली, घराच्या आत. पहिल्या तीन रात्री ती रडली. पाळीपाळीने आम्ही जवळ बसलो. आई तिच्याकडे पाहत नसे. फक्त दिवेलागणीला तिचा प्रश्न येई, "आत आली का ती?"

तीन महिन्यांची झाली आणि रेबीजच्या सुईचा दिवस आला. आम्ही निघालो तर आई लुगडे बदलून दारात उभी. दवाखान्यात ती टेबलाजवळ गेली. सुई जाईपर्यंत पाहत राहिली. मग तिने डॉक्टरांकडून तो कागद मागून घेतला, चष्मा लावून पुढच्या वर्षीची तारीख दोनदा वाचली. आता तो कागद देवघरातल्या डब्यात आहे, तिच्या भावाच्या एकुलत्या एका फोटोसोबत.

कुत्रा पाळायचा विचार करणाऱ्या वाचकांनी मला जात विचारली तर मी आता तिच्यासाठी वही उघडत नाही. आमच्या शिपायांचा प्रश्न उलट विचारतो. तो रात्री कुठे झोपणार? तुम्ही लग्नाला गावी जाल तेव्हा कुठे झोपणार? मुले शिकायला पुण्या-मुंबईला गेल्यावर, दहा-बारा वर्षांनी तो म्हातारा होईल तेव्हा कुठे झोपणार? याचे उत्तर घरातल्या सगळ्यांनी मिळून दिले असेल, तर बाकी गोष्टी शिकता येतात.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजत असतील. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण. तो आवाज तिला सोसणार नाही. यंदा आमच्या घरी फटाके नाहीत, हे मुलांनी आपणहून सांगितले. आईने मधल्या खोलीच्या खिडक्या लावून तिथे एक गोधडी आणि एक पाट मांडून ठेवला आहे. पाट कशाला म्हणून मी विचारले.

"मला बसायला," ती म्हणाली. "एकटं भेईल लेकरू."